पोचव आणि माघारी

“तुमचं हे ‘पोचव’ फक्त वजनकाट्यासाठी आहे, तुपेकाका. दवाखान्याचा प्रोग्राम वेगळ्या भाषेत लिहिलेला आहे. तिथे हे चालणार नाही,” अमृत म्हणाला आणि आपली बॅग आवरू लागला. त्याला श्रीरामपूरहून पुण्याची गाडी धरायची होती.

गहिनीनाथ तुपे यांनी मान हलवली. अमृत पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर, शिकलेला. तो म्हणतो तसंच असेल, असं त्यांना वाटलं. पण दारात छबूबाई पगारे उभ्या होत्या. हातात कापडात गुंडाळलेली चार रजिस्टरं होती. त्या जायला तयार नव्हत्या, म्हणून गहिनीनाथांनी अमृतला पुन्हा विचारलं.

“का चालनार न्हाई, तेवढं सांगा.”

“कारण ते काट्यासाठी लिहिलंय,” अमृत म्हणाला. “आणि लिहिलंय तुम्हीच.”

हे खरं होतं. गहिनीनाथ साखर कारखान्यात काटा कारकून म्हणून लागले, ते बारावीनंतर. पंधरा वर्षं त्यांनी उसाच्या गाड्यांची वजनं पावतीवर लिहिली. त्र्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा नगरला शिकायला कोण जातो असं विचारलं गेलं, आणि बाकी कुणी हात वर केला नाही. ते तीन महिने जाऊन-येऊन शिकले. परत आल्यावर साहेबांनी तीन काट्यांची आणि गावोगावच्या पाच गट ऑफिसांची मशिनं त्यांच्याकडे सोपवली.

ही आठ मशिनं एकमेकांना जोडलेली नव्हती. पुण्याहून प्रोग्राममध्ये काही बदल आला की फ्लॉपी घेऊन आठही ठिकाणी जावं लागे. एका गळीत हंगामात दोन नंबरच्या काट्यावर नवा प्रोग्राम आणि तीन नंबरवर जुनाच राहिला. हिशेबाचा मेळ बसेना, आणि बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग पार फाट्यापर्यंत गेली. त्यानंतर गहिनीनाथांनी रोज जेवणाच्या सुट्टीत थोडं थोडं करून एक फाईल लिहिली. फ्लॉपी घालायची आणि ‘पोचव’ टाईप करायचं. मग मशिनच जुना प्रोग्राम तारखेच्या कप्प्यात बाजूला ठेवी, नवा जागेवर घाली, उघडून बघे, आणि बिघडलेला दिसला तर जुना परत आणी. नंतर कधी अडचण आली तर ‘माघारी’ टाईप करायचं, की आधीचा प्रोग्राम पुन्हा जागेवर. गट ऑफिसातल्या कारकुनालाही जमावं, म्हणून त्यांनी शब्द मराठीच ठेवले होते.

अमृत गेल्यावर छबूबाई आत आल्या. त्या कारखान्याच्या ट्रस्टच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. वीस वर्षं झाली होती. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी टेबलावर रजिस्टरं मांडली. ट्रस्टचे चार उपदवाखाने चार गावांत होते. प्रत्येकाचं रक्त देणाऱ्यांचं वेगळं रजिस्टर होतं, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. श्रीरामपूरच्या रक्तपेढीत निगेटिव्ह गटाची बाटली क्वचित मिळे. अशा वेळी माणूस शोधून तिकडे न्यावा लागे. मागच्याच महिन्यात विहिरीच्या कामावरून पडलेल्या एका माणसासाठी उंबरी फाट्याच्या रजिस्टरमधून एकाला बोलावलं. तो आला, पण त्यानं पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या दवाखान्यामार्फत रक्त दिलेलं होतं. दुसरा माणूस शोधेपर्यंत वेळ गेला. पडलेला माणूस नगरला नेताना राहुरीच्या पुढे वाटेतच वारला.

हे सांगताना छबूबाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी फक्त रजिस्टरमधली ती दोन पानं उघडून दाखवली. दोन्हीकडे एकच नाव होतं.

कारखान्याची जुनी मशिनं उपदवाखान्यांना मिळाली होती. श्रीरामपूरच्या कॉलेजमधल्या एका प्राध्यापकांनी रक्तदात्यांच्या यादीचा प्रोग्राम फुकट लिहून दिला होता. आता अडलं होतं ते एवढ्यावर, की दर आठवड्याला बदलणारी यादी चारही ठिकाणी सारखी कशी ठेवायची. नवीन माणूस लावायला ट्रस्ट तयार नव्हता.

त्या रविवारी गहिनीनाथांनी ‘पोचव’ची फाईल कागदावर छापून घेतली. घराच्या ओट्यावर बसून ओळ न् ओळ वाचली. त्यांची बायको मुक्ता शेजारी तूर पाखडत होती. जिथे जिथे काट्याचं नाव दिसेल तिथे ते लाल पेनानं गोल करत होते. बावीस गोल झाले. ते बावीस गोल सोडले तर उरलेल्या फाईलमध्ये उसाचं काहीच नव्हतं. जुनं बाजूला ठेव, नवं घाल, बघ, नाही जमलं तर जुनं आण. हे काहीही असलं तरी तसंच राहणार होतं.

त्यांनी ते बावीस शब्द फाईलमधून काढले आणि एका छोट्या वेगळ्या फाईलमध्ये लिहिले. तिला ते चिठ्ठी म्हणत. काय न्यायचं, कुठे ठेवायचं, आणि नीट बसलं का हे कसं बघायचं, एवढंच चिठ्ठीत असे. ‘पोचव’ आधी चिठ्ठी वाचे आणि मग काम करी. काट्याची चिठ्ठी वेगळी, दवाखान्याची वेगळी. प्रोग्राम कुठल्या भाषेत लिहिला आहे, याच्याशी ‘पोचव’ला काही देणंघेणं उरलं नाही.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत ते सुरू झालं. शनिवारी उपदवाखान्यांतून कुणी रक्त दिलं, कोण नवा आला, याच्या नोंदी येत. छबूबाई त्या यादीत भरत. सोमवारी सकाळी औषधं वाटणाऱ्या जीपमधून चार फ्लॉप्या जात. छबूबाईंना पहिल्यांदा कीबोर्डवर एकेक अक्षर शोधावं लागे. दोन महिन्यांत त्यांचा हात बसला. यादी तीनशे बारा नावांवर गेली. एका सोमवारी खडकवाडीला फ्लॉपी खराब निघाली, तर ‘पोचव’नं आपणहून जुनी यादी परत लावली. गहिनीनाथांना त्या दिवशी बरं वाटलं. त्यांनी घरी जाऊन मुक्ताला ते सांगितलंही.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला एक नंबरच्या काट्यावर फोन आला. उंबरी फाट्याचे कंपाउंडर मच्छिंद्र बोलत होते. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई अवघडलेली आणली होती. मूल पोटातच गेलेलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. तिला श्रीरामपूरला हलवायची तयारी चालली होती. तिचा गट बी निगेटिव्ह होता. रक्तपेढीला फोन केला, तिथे बाटली नव्हती.

“आन् यादीत बी निगेटिव्ह एकसुद्धा न्हाई, तुपेभाऊ. मी दोनदा बघितली. समदी नावं वाचली.”

गहिनीनाथांना माहीत होतं की बी निगेटिव्ह तिघं आहेत. शनिवारीच छबूबाई तसं म्हणाल्या होत्या.

“समदी मिळून नावं किती हायेत?”

मच्छिंद्रांनी मोजली. “एक्केचाळीस.”

गहिनीनाथ उठून उभे राहिले. खिडकीबाहेर गाडीवान पावतीसाठी थांबले होते. त्यांनी हातानं त्यांना थांबायची खूण केली.

“मच्छिंद्र, आता मी सांगतो तेवढंच करा. ‘माघारी’ टाईप करा. यंटर मारा. आन् थांबा.”

फोनवर काही वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मग मच्छिंद्र म्हणाले, “आलं. तीनशे बारा.” आणि लगेच, “छगन जगधने, खडकवाडी. ट्रॅक्टरचं गॅरेज.”

जीप खडकवाडीमार्गे श्रीरामपूरला गेली. छगननं हातपाय धुतले आणि तो तसाच कामाच्या कपड्यात जीपमध्ये बसला. बाई वाचली. तिचं नाव साळूबाई, पाथर्डीकडची.

संध्याकाळपर्यंत गहिनीनाथांना काय झालं ते कळलं होतं. शनिवारी छबूबाई यादी भरत असताना वीज गेली आणि यादी एक्केचाळीस नावांवर तुटली. सोमवारी तीच तुटलेली यादी चारही ठिकाणी गेली. ‘पोचव’नं ती उघडून बघितली होती. उघडते आहे, पहिलं नाव दिसतं आहे, म्हणजे ठीक आहे, असं त्यानं मानलं. काट्यावर तेवढं पुरे होतं. काट्याचा प्रोग्राम उघडला म्हणजे तो चालतोच. यादीचं तसं नव्हतं. अपुरी यादीही नीट उघडते. काट्याचा तपास त्यांनी तसाच्या तसा दवाखान्याच्या चिठ्ठीत उतरवला होता. नाव बदललं होतं, विचार बदलला नव्हता.

आणि मच्छिंद्रांनी यादी दोनदा वाचली, मग रक्तपेढीला फोन लावत बसले, यात अर्धा तास गेला होता. यादीवर त्यांचा विश्वास होता म्हणून गेला होता.

ऑफिसनं खुलासा मागवला. सुपरिंटेंडेंट भला माणूस होता. त्यानं गहिनीनाथांना बाजूला घेऊन सांगितलं की वीज गेल्यामुळे असं झालं, एवढंच लिहा, विषय संपेल. गहिनीनाथांनी अर्धं पान लिहिलं. वीज गेली हे लिहिलं. त्याखाली लिहिलं, की यादी पुरी आहे का हे मशिननं बघायला हवं होतं, ते मी त्याला सांगितलं नव्हतं, सिस्टरांचा यात दोष नाही. सही केली.

दवाखान्याचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. पुन्हा रजिस्टरं सुरू झाली. तीन आठवड्यांनी छबूबाई दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. चूक कबूल करणारा माणूस घालवून आपण काय मिळवलं, असं त्यांनी विचारल्याचं पुढे कळलं. डॉक्टरांनी काम परत दिलं. तोपर्यंत गहिनीनाथांनी चिठ्ठीतला तपास नवा लिहिला होता. नावं मागच्यापेक्षा कमी भरली तर ‘पोचव’ थांबे आणि माणसाला विचारल्याशिवाय पुढे जात नसे.

एवढं झालं तरी त्यांच्या मनाला एक गोष्ट लागून होती. त्यांनी ती मुक्ताला सांगितली. मुक्ता म्हणाली, जाऊन या.

कारखान्याच्या मागच्या माळावर ऊसतोडीच्या टोळ्यांचा तळ होता. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे छोट्या झोपड्या, एकमेकींना लागून होत्या. गहिनीनाथ लुना फाट्यावर लावून पायी गेले. साळूबाई दवाखान्यातून येऊन दोन आठवडे झाले होते. ती कोपीच्या तोंडाशी पोत्यावर बसून बैलांसाठी वाढं, उसाचे हिरवे शेंडे, निवडत होती. पंचविशीची असेल. नवरा बैलांना पाणी दाखवून आला. त्यानं गहिनीनाथांना काट्यावर पाहिलेलं होतं, म्हणून तो जरा घाबरला. वजनाचं काही झालं का, असं त्यानं विचारलं.

“वजनाचं न्हाई,” गहिनीनाथ म्हणाले. “त्या दिवशी रक्त देनाऱ्यांची यादी अपुरी गेली हुती. ती माझ्यामुळं. तुमचा अर्धा तास त्यात गेला.”

नवऱ्यानं हातातली बादली खाली ठेवली. मग म्हणाला, “पोर त्येच्यानं गेलं का?”

“डॉक्टर म्हनत्यात, न्हाई. ते आनलं तवाच गेलेलं हुतं. पन तुमाला हे कुनी सांगितलं नसतं, म्हनून आलो.”

नवऱ्यानं बायकोकडे बघितलं. साळूबाईचे हात थांबले होते. तिनं विचारलं, “मला ज्येचं रगत दिलं, त्येचं नाव व्हतं का त्या यादीत?”

“व्हय. खडकवाडीचा हाय. छगन.”

“म्हंजी माझं बी रगत तसलंच हाय.”

“तसलंच.”

“मग माझं नाव लिव्हा त्यात.”

नवरा म्हणाला, “तुला उभं ऱ्हाता येईना, आन् रगत कुठलं देती.” ती त्याला म्हणाली, आत्ता कोण देतंय, नाव तर लिहून ठेवू दे. गहिनीनाथांनी सांगितलं की सिस्टर तपासतील, त्या म्हणतील तेव्हाच नाव लागेल. मग त्यांनी खिशातली डायरी काढली आणि पत्ता विचारला. तेव्हा लक्षात आलं की तिला सांगण्यासारखा एक पत्ता नाही. दिवाळी ते पाडवा ती इथे माळावर, पावसाळ्यात पाथर्डी तालुक्यातल्या आपल्या गावी. त्यांनी दोन्ही लिहून घेतलं. चहा आला. कप एकच होता, तो त्यांना दिला. ते दोघं पितळीतून प्यायले.

छबूबाईंनी पुढच्या आठवड्यात तिला बोलावून तपासलं. रक्त फारच कमी होतं. गोळ्या दिल्या, आणि पुढच्या हंगामात ये म्हणून सांगितलं. त्या उन्हाळ्यात गहिनीनाथ कॉलेजात जाऊन प्राध्यापकांना भेटले. यादीत पत्त्याची एकच जागा होती. हंगामाप्रमाणे दोन पत्ते बसले पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. प्राध्यापकांना हे सुचलेलं नव्हतं. नवा प्रोग्राम जूनमध्ये तयार झाला आणि ‘पोचव’नंच तो चारही दवाखान्यांत नेला.

जुलैत अमृत आला. काट्याची कामं आटोपल्यावर त्यानं दवाखान्याचं मशीन बघितलं. चिठ्ठी वाचली, फाईल वाचली, पुन्हा चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, “काका, हे मी म्हणालो होतो चालणार नाही.”

“तुमी काट्याचं बघत हुता.”

त्यानं एक प्रत मागितली. त्यांची कंपनी एका दूध संघाचं आणि एका छापखान्याचंही काम करत होती, तिथे त्याला ती वापरायची होती. गहिनीनाथांनी कोऱ्या फ्लॉपीवर प्रत करून दिली. ती देताना ते म्हणाले, “बाकी काय बी बदलू नका. तपास तेवढा दर ठिकानी नवा लिव्हा. तिथल्या मानसाला इचारून लिव्हा. आपल्या मनानं न्हाई.”

अमृतनं ते वहीत लिहून घेतलं. पुढे त्याचं पत्र आलं की सात ठिकाणी ‘पोचव’ चालू आहे, आणि दूध संघातल्या लोकांनी शब्दही तेच ठेवले आहेत.

नोव्हेंबरात टोळ्या आल्या. साळूबाई दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेदहा भरलं. छबूबाईंनी नाही म्हणून सांगितलं आणि पुन्हा गोळ्या दिल्या. शेवग्याचा पाला खा म्हणाल्या. ती फेब्रुवारीत परत आली. या वेळी ते पुरेसं भरलं. छबूबाईंनी तिच्यासमोरच नाव टाईप केलं. तिला वाचता येत नव्हतं. नाव कुठे आहे ते तिनं विचारलं, तेव्हा छबूबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग टोळी निघेल म्हणून गेली.

त्या हंगामात तिला एकदा बोलावणं गेलं. राहात्याच्या एका म्हाताऱ्या शिक्षकासाठी. जीप सरळ उसाच्या फडात गेली. तिनं कोयता नवऱ्याजवळ दिला आणि डोक्याचं फडकं सोडून ती जीपमध्ये बसली. शिक्षक बरे झाले. रक्त कुणाचं होतं हे त्यांना कळलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर ती टोळी आली नाही. गहिनीनाथ तळावर जाऊन आले. त्या जागी दुसऱ्याच टोळीच्या कोप्या उभ्या राहत होत्या. त्यांच्या मुकादमानं सांगितलं की जुनी टोळी या वर्षी कर्नाटकात गेली. कुठल्या कारखान्यावर ते त्याला माहीत नव्हतं. गावच्या पत्त्यावर गहिनीनाथांनी कार्ड टाकलं. ते परत आलं नाही, उत्तरही आलं नाही.

डिसेंबरच्या एका शनिवारी छबूबाई म्हणाल्या, “गहिनीभाऊ, त्या नावाचं काय करायचं? ऱ्हाऊ दे का?”

नाव ठेवावं असं छबूबाईंना वाटत होतं, हे दिसत होतं. गहिनीनाथांनी पडद्यावरचं ते नाव वाचलं. यादीत नाव आहे आणि माणूस नाही, म्हणजे कुणीतरी जीप घेऊन माळावर जाणार, विचारत फिरणार, आणि इकडे कुणीतरी वाट बघत पडणार.

“काढा,” ते म्हणाले.

छबूबाईंनी नाव काढलं.

सोमवारी जीप गेल्यावर छबूबाईंनी रक्तगट तपासण्याची पेटी घेतली आणि त्या आणि गहिनीनाथ माळावर गेले. टोळी नुकतीच फडातून आली होती. बायका चुली पेटवत होत्या. सिस्टर आल्या म्हटल्यावर त्या भोवती जमल्या. एकीनं विचारलं, बोट टोचून काय करता. गहिनीनाथांनी त्यांना सांगितलं की मागं इथंच, याच जागेवर, साळूबाई नावाची बाई राहत होती. तिला एका गॅरेजवाल्याचं रक्त दिलं होतं, आणि मग तिनं एका मास्तरला दिलं. ते जास्त काही बोलले नाहीत. छबूबाईंनी दगडावर पेटी उघडली.

बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग मागून एक जण पुढे आली. तिनं उसाच्या चिकट रसानं काळा झालेला हात लुगड्याला दोनदा पुसला, तो नीट स्वच्छ झाला का ते बघितलं, आणि बोट पुढे केलं.